बारा जणांची विचारपूस

ओहायो राज्यातल्या डेलावेअर गावात गंधकाच्या पाण्याचा एक झरा आहे. पाणी औषधी आहे, अशी समजूत होती म्हणून १८३३ साली तिथे एक मोठं हॉटेल उभं राहिलं. हवापालटासाठी पैसेवाली मंडळी येतील, मुक्काम करतील, असा हिशेब होता. तो काही जमला नाही. तेव्हा तिथले मेथॉडिस्ट पाद्री अ‍ॅडम पो यांनी एक कल्पना मांडली. गावाने वर्गणी काढून हॉटेल विकत घ्यावं आणि चर्चला द्यावं. चर्चने तिथे कॉलेज काढावं. गावाने पैसे जमवले, चर्चने देणगी स्वीकारली. १८४२च्या मार्चमध्ये राज्याची सनद मिळाली आणि १८४४च्या नोव्हेंबरात हॉटेलच्या इमारतीत तास सुरू झाले. ती इमारत ‘एलियट हॉल’ या नावाने आजही उभी आहे, वापरात आहे. संस्थेचं नाव ओहायो वेस्लियन युनिव्हर्सिटी.

वर्गणी काढून कॉलेज उभारणारी गावं महाराष्ट्राने भरपूर पाहिली आहेत, त्यामुळे ही हकिगत आपल्याला परकी वाटू नये. तरीही या विद्यापीठाचं नाव मराठी घरात क्वचितच कानावर येतं. मुलाला किंवा मुलीला बारावीनंतर अमेरिकेत पाठवायचं ठरलं, की आधी रँकिंगची यादी उघडली जाते आणि शोध वरच्या पन्नास नावांत संपतो. ओहायो वेस्लियनमध्ये विद्यार्थी दीड हजाराच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या कनिष्ठ महाविद्यालयात याहून जास्त मुलं असतात. एवढ्याशा विद्यापीठात काय मिळणार, असा प्रश्न आईवडिलांना पडला तर तो रास्तच आहे. त्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावं, म्हणून हा लेख.

अशी छोटी, खासगी, मेथॉडिस्ट परंपरेतली विद्यापीठं अमेरिकेत गावोगाव आहेत. इलिनॉय वेस्लियन, नेब्रास्का वेस्लियन, व्हर्जिनियातलं रँडॉल्फ-मेकन, इंडियानातलं डीपॉ, ओरेगनमधलं विलॅमेट ही त्यांतली काही. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असला, तरी त्यांनी देऊ केलेली मुख्य गोष्ट एकच आहे. तिचं मूळ शोधायला थेट अठराव्या शतकातल्या इंग्लंडात जावं लागतं.

ब्रिस्टलचं कर्ज

मेथॉडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला, तो जॉन वेस्ली हा इंग्लंडच्या चर्चचा पाद्री. १७०३ साली जन्मला, ऑक्सफर्डला शिकला, पुढे घोड्यावरून देशभर फिरून खाणकामगारांना, विणकरांना उघड्या मैदानावर प्रवचनं दिली. ब्रिस्टल शहरात त्याच्या अनुयायांनी प्रार्थनेसाठी एक घर बांधलं आणि त्यापायी कर्ज झालं. १७४२च्या फेब्रुवारीत ते फेडायचं कसं, यावर बैठक बसली. एक जुना जहाजी कप्तान म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी हरकत घेतली, की आपल्यातल्या पुष्कळांना तेवढंही परवडणार नाही. त्यावर कप्तानाने उत्तर दिलं, की सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. ज्यांना देता येईल ते देतील, ज्यांना येणार नाही त्यांचे मी भरेन.

अशा रीतीने बारा-बारा जणांचे गट पडले. गटप्रमुख पैसे गोळा करायला घरोघर जाऊ लागले आणि घरात गेल्यावर त्यांना माणसं दिसू लागली. एका घरी नवरा दारूच्या आहारी गेलेला, दुसऱ्या घरी भांडण, तिसऱ्या घरी आजारपण. प्रमुखांनी हे वेस्लीला सांगितलं आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच. कर्ज फिटलं, तरी गट राहिले. दर आठवड्याला बारा जणांनी एकत्र बसायचं आणि प्रमुखाने प्रत्येकाला विचारायचं, तुझं कसं चाललंय? मेथॉडिस्ट पंथाचा सगळा विस्तार या विचारपुशीवर झाला.

हा पंथ अमेरिकेत गेला, तो घोड्यावरून वस्त्यावस्त्यांत फिरणाऱ्या प्रचारकांबरोबर. हे प्रचारक स्वतः फारसे शिकलेले नव्हते, पण त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या समाजाने कॉलेजांचा धडाका लावला. मेरीलँडमधलं कोक्सबरी कॉलेज १७८७ साली सुरू झालं आणि १७९५ साली आगीत गेलं. पुढच्या पिढीने हार मानली नाही. एकोणिसाव्या शतकात जिथे जिथे नवी वस्ती झाली, तिथे तिथे मेथॉडिस्टांनी शाळा किंवा कॉलेज काढलं. ही ठिकाणं मुद्दाम छोटी ठेवलेली नव्हती. गाव छोटं, पैसा थोडा, म्हणून कॉलेज छोटं. पण ब्रिस्टलमध्ये जे घडलं तेच इथेही घडलं. तुटपुंज्या साधनांमुळे आलेल्या लहानपणातून एकमेकांकडे लक्ष देण्याची रीत रुजली आणि पुढे तीच त्या संस्थांची ओळख झाली.

गाव, झरा आणि मुली

ओहायो वेस्लियनच्या सनदेत एक गोष्ट आरंभीच नमूद आहे. संस्था उदार तत्त्वांवर चालवावी आणि कोणत्याही धर्मपंथाच्या माणसाला तिचं दार खुलं असावं. चर्चच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने १८४२ साली हे लिहून ठेवलं, ही लहान गोष्ट नव्हे.

मरिया वेब नावाची विधवा बाई १८४४ साली मुलांना घेऊन डेलावेअरला राहायला आली, ती केवळ मुलांना या कॉलेजात शिकता यावं म्हणून. मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून पुण्याला बिऱ्हाड करणाऱ्या आया आपल्याला ठाऊक आहेत, ही त्यांच्यातलीच. तिची मुलगी लूसी. कॉलेज मुलांचं होतं, तरी लूसीला तयारीच्या वर्गात काही काळ बसू दिलं. १८४७ साली त्याच गंधकाच्या झऱ्यापाशी तिची ओळख रदरफोर्ड हेज नावाच्या तरुण वकिलाशी झाली. हेज मूळचा डेलावेअरचाच. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. लूसीने सिनसिनाटीच्या मेथॉडिस्ट महिला कॉलेजातून १८५० साली पदवी घेतली होती. अमेरिकेच्या अध्यक्षपत्नींमध्ये कॉलेजची पदवी असलेली ती पहिली.

डेलावेअरमध्ये मुलींसाठी वेगळं कॉलेज १८५३ साली निघालं आणि १८७७ साली ते मुख्य विद्यापीठात विलीन झालं. आयोवातल्या मेथॉडिस्टांचं पाऊल त्याही पुढे होतं. आयोवा वेस्लियनमधून १८६६ साली बाहेर पडलेली बेल बॅब मॅन्सफील्ड १८६९ साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाली. अमेरिकेतली ती पहिली स्त्री वकील.

ओहायो वेस्लियनचे पहिले अध्यक्ष एडवर्ड थॉमसन पुढे बिशप झाले आणि १८६४ साली भारतात आले. लखनौला भारतातल्या मेथॉडिस्ट मिशनची पहिली परिषद त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरली. मुंबईत हा पंथ १८७१-७२च्या सुमारास विल्यम टेलर यांच्या प्रवचनांतून रुजला. भायखळ्याचं टेलर मेमोरियल चर्च ही त्याची खूण. पुण्यातलं हचिंग्ज हायस्कूलही मेथॉडिस्टांचंच.

मनोरमाची शाळा

मराठी माणसाचा या परंपरेशी जवळचा संबंध आला तो न्यूयॉर्क राज्यात, रोचेस्टर शहराजवळच्या एका खेड्यात. खेड्याचं नाव नॉर्थ चाय-लाय. तिथे बेंजामिन टायटस रॉबर्ट्स या पाद्र्याने १८६६ साली एक शाळा काढली. रॉबर्ट्सची कहाणी तेजस्वी आहे. त्या काळी अनेक चर्चमध्ये बाकं भाड्याने दिली जात. श्रीमंत कुटुंबं भाडं भरून पुढची बाकं राखून ठेवत आणि गरिबांनी जमेल तिथे बसायचं. रॉबर्ट्सने याविरुद्ध आणि गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवला. आपला पंथ मूळ वाट सोडून चालला आहे, असा लेख त्याने १८५७ साली लिहिला. पुढच्याच वर्षी त्याला पंथातून काढण्यात आलं. १८६० साली त्याने ‘फ्री मेथॉडिस्ट’ चर्च स्थापलं, जिथे बसायला पैसे पडत नसत. स्त्रियांना पाद्री होण्याचा हक्क असावा, असं प्रतिपादणारं पुस्तक त्याने १८९१ साली प्रसिद्ध केलं.

त्याच्या शाळेला पुढे चेसबरो सेमिनरी असं नाव पडलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे एक मराठी बोलणारी मुलगी शिकत होती. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा. रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. तिथे त्यांची मैत्री जमली ती फ्रान्सेस विलर्ड यांच्याशी. विलर्ड स्वतः मेथॉडिस्ट महिला कॉलेजात शिकलेल्या आणि दारूबंदीसाठी झगडणाऱ्या महिला संघटनेच्या अध्यक्षा. अशा ओळखींतून रमाबाईंना या संस्थांचं वातावरण परिचयाचं झालेलं होतं. मुलीला कुठे ठेवायचं, हा प्रश्न आला तेव्हा रमाबाईंनी नामवंत महानगरी विद्यालय निवडलं नाही. त्यांनी एका खेड्यातली, साध्या राहणीची, मुलींना बरोबरीने शिकवणारी शाळा पसंत केली. मनोरमाबाई परत आल्या, मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या आणि आईच्या कामात अखेरपर्यंत राबल्या.

ती शाळा आज रॉबर्ट्स वेस्लियन युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते. परिचर्या, समाजकार्य, संगीत आणि शिक्षणशास्त्र हे तिथले जुने, नावाजलेले विषय. फ्री मेथॉडिस्टांनी आपल्याकडे यवतमाळलाही काम उभारलं. तिथे १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला आली.

आज काय मिळतं?

पहिली गोष्ट म्हणजे शिकवणारा माणूस. मोठ्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्राचे तास कित्येकदा तीन-चारशे मुलांच्या सभागृहात होतात आणि प्रात्यक्षिकं, ट्युटोरियल संशोधक विद्यार्थी घेतात. छोट्या विद्यापीठात हाच विषय पीएच.डी. झालेले प्राध्यापक वीस-पंचवीस जणांना शिकवतात. वरच्या वर्षांच्या चर्चावर्गात दहा-बारा मुलं असतात. तिथे मागे बसून वेळ काढता येत नाही. निबंध लिहून दिला, की त्यावर खुणा, शेरे आणि प्रश्न येतात. पुन्हा लिहायचा, पुन्हा दाखवायचा. प्राध्यापकांचे भेटीचे तास ठरलेले असतात आणि मुलं खरोखर जातात. बारावीपर्यंत क्लासच्या नोट्सवर वाढलेल्या आपल्या मुलांना सुरुवातीचे दोन-तीन महिने हे जड जातं. त्यानंतर मात्र लिहिण्यात आणि बोलण्यात पडलेला फरक त्यांना स्वतःलाच जाणवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे विषय बदलण्याची मुभा. प्रवेश अमुक शाखेला असा नसतो, विद्यापीठाला असतो. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मुख्य विषय जाहीर करायचा. तोवर जीवशास्त्राबरोबर अर्थशास्त्र, गणिताबरोबर नाटक असं घेता येतं. दहावीनंतर एकदा शाखा निवडली, की परतीचा रस्ता नाही, या धास्तीत वाढलेल्या मुलांसाठी ही मोठीच सुटका आहे. या सगळ्यात वाट चुकू नये म्हणून प्रत्येकाला एक मार्गदर्शक प्राध्यापक नेमून दिलेला असतो. कोणते विषय घ्यायचे, कुठे कमी पडतो आहेस, उन्हाळ्यात काय करणार, हे तो विचारतो. ब्रिस्टलच्या कप्तानाचं काम आज हा माणूस करतो, असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट संशोधन. छोट्या विद्यापीठांत बहुतेक विषयांना पदव्युत्तर विद्यार्थी नसतात. त्यामुळे प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत हाताशी घेतली जातात ती पदवीचीच मुलं. शेरवूड रोलंड हा डेलावेअरचाच मुलगा, त्याचे वडील ओहायो वेस्लियनमध्ये गणित शिकवत. १९४३ साली सोळाव्या वर्षी तो तिथे दाखल झाला, मध्ये नौदलात जाऊन आला आणि १९४८ साली रसायन, भौतिक आणि गणित हे विषय घेऊन पदवीधर झाला. फ्रिजमधल्या आणि स्प्रेच्या डब्यांमधल्या सीएफसी वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होतो, हे त्याने मारियो मोलिना यांच्याबरोबर १९७४ साली दाखवून दिलं आणि १९९५ साली त्या दोघांना पॉल क्रुट्झेन यांच्यासह नोबेल मिळालं. अशीच हकिगत जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांची. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांना ज्यांचं नाव आहे, ते व्हॅन अ‍ॅलन १९३५ साली आयोवा वेस्लियनमधून पदवीधर झाले. लहान कॉलेजात गेलं की विज्ञानात मागे पडतो, ही भीती या दोन नावांनी तरी घालवावी.

ओहायो वेस्लियनमध्ये अभ्यासक्रमालाच जोडलेले प्रवासही असतात. सत्रभर विषय वर्गात शिकायचा आणि सुटीत प्राध्यापकांबरोबर त्या देशात जाऊन तो पाहायचा. स्वतः आखलेल्या प्रकल्पासाठी विद्यापीठाकडे अर्ज करून पैसे मागता येतात. समान आवडीच्या दहा-पंधरा मुलांनी एकत्र घर चालवायचं, अशी छोटी वसतिगृहंही आहेत. खेळांची व्यवस्था वेगळी आहे. हे विद्यापीठ राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतं आणि त्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला मनाई आहे. म्हणजे मैदानावर दिसणारा प्रत्येक जण आवडीने खेळतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात असतो. तरीही पुरुषांच्या फुटबॉल संघाने १९९८ आणि २०११ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

धर्माचं काय, हा प्रश्न मराठी घरात हमखास निघतो. याचं उत्तर विद्यापीठागणिक बदलतं. ओहायो वेस्लियनसारख्या ठिकाणी चर्चशी नातं आहे, कॅम्पसवर धर्मगुरू आहेत, पण प्रार्थनेला हजेरीची सक्ती नाही. हिंदू, मुसलमान, बौद्ध, काहीच न मानणारे असे सगळे एकत्र शिकतात. रॉबर्ट्स वेस्लियनसारख्या ठिकाणी धर्मजीवन हा शिक्षणाचा उघड भाग आहे. तिथे प्रार्थनासभेला येण्याची आणि मद्य-तंबाखूपासून दूर राहण्याची अपेक्षा असते. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत. आपल्या मुलाला कोणती मानवेल, हे अर्ज करण्याआधी घरात बोलून घ्यावं.

हॉटेलातली रात्र

या संस्थांच्या दप्तरात अभिमानाबरोबर शरमेचीही पानं आहेत. गुलामगिरीच्या प्रश्नावर १८४४ साली अमेरिकेतलं मेथॉडिस्ट चर्च उत्तर-दक्षिण दुभंगलं. १९३९ साली ते पुन्हा एक झालं, पण काळ्या सभासदांसाठी वेगळा विभाग करूनच. तो विभाग १९६८पर्यंत टिकला.

याच काळातला एक प्रसंग आहे. १९०३-०४च्या सुमारास ओहायो वेस्लियनचा बेसबॉल संघ इंडियानातल्या साउथ बेंडला सामना खेळायला गेला. संघात चार्ल्स थॉमस हा एकमेव काळा खेळाडू. संघाला तयार करत होता वेस्ली ब्रँच रिकी हा त्याच कॉलेजचा तरुण. हॉटेलच्या कारकुनाने थॉमसला खोली द्यायला नकार दिला. रिकीने हुज्जत घालून त्याच्यासाठी आपल्याच खोलीत खाट टाकून घेतली. रिकी पुढे आयुष्यभर सांगत असे, की तो खोलीत गेला तेव्हा थॉमस खाटेच्या कडेवर बसून रडत होता. आपल्या हातांची कातडी जोरजोरात चोळत होता, जणू रंग निघून जाईल आणि आपण इतरांसारखे होऊ.

चाळीस वर्षांनी रिकी ब्रुकलिन डॉजर्सचा कारभार पाहत होता. त्याने जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केलं आणि १९४७ साली रॉबिन्सन मैदानात उतरला, तेव्हा अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉलमधली रंगाची भिंत पडली. या रॉबिन्सनला तरुणपणी हात दिला होता कार्ल डाउन्स या मेथॉडिस्ट पाद्र्याने. डाउन्स पुढे टेक्सासमधल्या सॅम्युअल ह्यूस्टन या छोट्याशा काळ्या मेथॉडिस्ट कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी रॉबिन्सनला तिथे बास्केटबॉल शिकवायला बोलावलं होतं. चार्ल्स थॉमसही खचला नाही. तो दंतवैद्य झाला.

काळ्या मुलांसाठी मेथॉडिस्टांनी चालवलेली कॉलेजं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. फ्लोरिडात मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांनी १९०४ साली दीड डॉलर आणि पाच मुली एवढ्या भांडवलावर शाळा सुरू केली. ती आज बेथ्यून-कुकमन युनिव्हर्सिटी आहे. टेक्सासच्या वायली कॉलेजच्या वादविवाद संघाने १९३५ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाला हरवलं. त्या कॉलेजात शिकलेला जेम्स फार्मर पुढे नागरी हक्क चळवळीचा मोठा नेता झाला. हीही सगळी छोटीच ठिकाणं.

पैशाची बाजू

आता खर्चाकडे वळू. अशा अनेक विद्यापीठांत शुल्क, राहणं आणि जेवण मिळून वर्षाचा छापील आकडा पन्नास ते सत्तर हजार डॉलरच्या घरात जातो. हा आकडा पाहून बरीच घरं पुढे वाचतच नाहीत, आणि इथेच गफलत होते. खासगी, ना-नफा कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना छापील शुल्कावर सरासरी निम्म्याहून अधिक सूट मिळते. ती गुणवत्तेची शिष्यवृत्ती म्हणून येते आणि परदेशी मुलांनाही मिळू शकते. अमेरिकी सरकारची मदत मात्र परदेशी विद्यार्थ्यांना नसते.

म्हणून प्रवेशाचं पत्र आलं, की शिष्यवृत्तीचा आकडा बघून हुरळून जाऊ नये. कागद घ्यावा आणि मांडणी करावी. समजा एका विद्यापीठाने वर्षाला तीस हजार डॉलरची शिष्यवृत्ती दिली आणि एकूण खर्च पासष्ट हजार आहे. उरले पस्तीस हजार. दुसऱ्याने पंधरा हजारच दिले, पण एकूण खर्च पंचेचाळीस हजार आहे. उरले तीस हजार. मोठी शिष्यवृत्ती पहिल्याची, स्वस्त दुसरं. मग विचारावं, की शिष्यवृत्ती चारही वर्षांसाठी आहे का, शुल्क दरवर्षी वाढतं तशी ती वाढते का, आणि ती टिकवायला किती ग्रेड लागते. आरोग्य विमा, पुस्तकं आणि विमानाचं भाडं वेगळं धरावं. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. त्यातून हातखर्च निघतो, शुल्क निघत नाही. पदवीनंतर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी दोन वर्षं नोकरीची मुभा आजच्या नियमांत आहे. पण हे नियम वरचेवर बदलतात. केवळ त्यांच्या भरवशावर घरावर कर्ज काढू नये.

याहून गंभीर प्रश्न संस्थेच्या तब्येतीचा आहे. २००८च्या मंदीपासून अमेरिकेत जन्मदर घसरला. त्या वर्षांत न जन्मलेली मुलं आता कॉलेजच्या दारात दिसत नाहीत. ज्यांचं पोट मुख्यतः शुल्कावर आहे, त्या छोट्या संस्थांना याचा फटका बसतो. इलिनॉयमधलं मॅकमरी कॉलेज २०२० साली बंद पडलं. व्हॅन अ‍ॅलन आणि मॅन्सफील्ड यांचं आयोवा वेस्लियन, स्थापना १८४२ची, २०२३च्या मे महिन्यात बंद झालं. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न ३१ मे २०२४ रोजी बंद झालं. त्याच दिवशी त्याचा बेसबॉल संघ क्लीव्हलंडजवळच्या ईस्टलेकमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. पोरं सामन्यासाठी मैदानात उतरली, तो त्यांच्या कॉलेजचा शेवटचा दिवस होता. देशभरच्या अनोळखी लोकांनी त्यांच्या खर्चासाठी पैसे पाठवले.

संस्था बंद होते तेव्हा बहुधा शेजारच्या विद्यापीठांशी करार होतात आणि मुलांना तिथे पदवी पूर्ण करता येते. तरी परदेशातून आलेल्या मुलासाठी तो धक्का मोठाच. म्हणून आधीच काही गोष्टी पाहाव्यात. मान्यता कोणत्या संस्थेची आहे आणि तिच्यावर काही शेरा आहे का? गेल्या पाच-सहा वर्षांत विद्यार्थी वाढले की घटले? देणग्यांची गंगाजळी किती? एखादा विभाग अलीकडे बंद केला का? बहुतेक खासगी कॉलेजांची करविवरणपत्रं सार्वजनिक असतात, कुणालाही वाचता येतात. अमेरिकी शिक्षण खात्याचं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण आणि पुढची कमाई दाखवतं. एजंटच्या शब्दापेक्षा या कागदांवर विश्वास ठेवावा. आणि थेट विद्यापीठाला लिहून तिथे शिकणाऱ्या एखाद्या भारतीय मुलाशी किंवा मुलीशी बोलणं करून द्यायला सांगावं. छोटी विद्यापीठं अशा पत्राला उत्तर देतात. उत्तर आलंच नाही, तर तेही एक उत्तर समजावं.

कुणी जावं?

ज्या मुलाला नेमकी एकच गोष्ट करायची आहे, उदाहरणार्थ चिप डिझाइन, आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळा हवी आहे, त्याने मोठ्या विद्यापीठात जावं. ज्याला महानगराची सवय आहे आणि मराठी मंडळाचा गणपती हाकेच्या अंतरावर हवा आहे, त्याला डेलावेअर किंवा नॉर्थ चाय-लायचा हिवाळा फार लांबेल. कंपन्या मोठ्या संख्येने भरतीसाठी येतील, ही अपेक्षाही इथे धरू नये.

पण हुशार असून बुजरं असलेलं, काय करायचं हे अजून न ठरलेलं, वाचनाची आवड असलेलं, गर्दीत मागे राहणारं मूल आपल्या घरात असेल, तर या नावांकडे जरूर पाहावं. न्यूयॉर्क टाइम्सचे एकेकाळचे शिक्षण-संपादक लोरेन पोप यांनी १९९६ साली आयुष्य बदलणाऱ्या कॉलेजांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात ओहायो वेस्लियनचा समावेश केला. अशा ठिकाणी चार वर्षं काढलेल्या मुलाला नीट ओळखणारे तीन-चार प्राध्यापक असतात. पुढच्या प्रवेशासाठी, नोकरीसाठी ते शिफारसपत्र लिहितात तेव्हा त्यात त्या मुलाचं खरं वर्णन असतं. रँकिंगमध्ये हे मोजलं जात नाही, पण निवड करताना मी याला पहिला मान देईन आणि हिशेबाच्या कागदाला लगेच दुसरा.

आणि जे जाणार नाहीत त्यांचं काय? महाराष्ट्रातली बहुसंख्य मुलं इथेच शिकणार आहेत आणि शिकावीतही. आपल्या कॉलेजांत आता प्रत्येक प्राध्यापकाकडे काही विद्यार्थी मार्गदर्शनासाठी सोपवण्याची पद्धत आहे; नॅकच्या मूल्यमापनात तिची नोंद मागितली जाते. त्या नोंदवहीला जीव यायला फार पैसा लागत नाही. कप्तानाने मागितले होते अकरा जण आणि आठवड्यातला थोडा वेळ. सातारा असो की सोलापूर, पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला ‘तुझं कसं चाललंय’ असं विचारणारा आणि उत्तर ऐकायला थांबणारा एक शिक्षक मिळावा. एवढं आपण आपल्या कॉलेजांकडे मागू शकतो, आणि मागायला हवं.